‘रिव्हर्सिबल’ या शेऱ्याचे वजन

अवस्था-अहवालाच्या छापील नमुन्यात, नुकसानीच्या रकान्यापुढे ‘रिव्हर्सिबल’ एवढाच शेरा मारून पान उलटण्याची जी रीत आपल्या संधारण-व्यवसायात रूढ होऊन बसली आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आता अगत्याचे झाले आहे. शब्द इंग्रजी आहे याबद्दल आमची तक्रार नाही. प्रयोगशाळेतला रसायनज्ञ आणि पहाडावरचा अभियंता दोघेही तोच उच्चारतात आणि दोघांनाही तो समजतो. तक्रार आहे ती अशी, की हा शेरा वाचून वरिष्ठ निर्धास्त होतात, अंदाजपत्रकाला मंजुरी मिळते आणि जोखमीची चौकशी तेथेच संपते. जे बिघडले ते पूर्ववत होईल, जे लावले ते उद्या काढता येईल, असा हवाला हे विशेषण देते. परंतु कशाने निघेल, किती वर्षांपर्यंत निघेल आणि निघताना सोबत काय घेऊन जाईल, याचा तपशील त्यात कोठेही नसतो.

याचा दाखला आपल्या दाराशीच, अजिंठ्याला आहे. निजामी अमदानीत, हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याची सूत्रे गुलाम यझदानी यांच्याकडे असताना, १९२० ते १९२२ या काळात तेथील चित्रे वाचवण्यासाठी लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोघा इटालियन तज्ज्ञांना मुद्दाम पाचारण करण्यात आले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा भिंतीला धरवला, मळ काढला आणि रंगथरावर लाखेचे आलेपन दिले. लाख मद्यार्कात विरघळते हे तेव्हा लाकडाला पॉलिश करणाऱ्या कोणाही कारागिराला ठाऊक होते, तेव्हा नकोशी झाली तर ती पुसून काढता येईल हा हिशेब त्या काळी वावगा नव्हता, आणि आजचा नमुना त्या दोघांच्या हाती असता तर त्यांनीही बहुधा आपलाच शेरा लिहिला असता. परंतु लाखेचे रेणू कालांतराने एकमेकांशी बांधले जातात, थर पिवळसर, मग तपकिरी होतो, ठिसूळ होऊन आक्रसतो, खालच्या रंगाला आपल्याबरोबर उचलू लागतो, आणि ज्या मद्यार्काने तो पहिल्या वर्षी सुखासुखी निघाला असता त्याला पुढे दाद देईनासा होतो. म्हणजे विशेषण १९२० साली खरे होते आणि पुढे खोटे झाले. ते कधी खोटे झाले याची नोंद कोणत्याही दप्तरात होणे शक्यच नव्हते. चेक्कोनींना बोल लावणे सोपे आहे, पण सुटलेला गिलावा त्यांनी धरवला नसता तर आज ज्यावर वाद घालावा अशी कित्येक चित्रे उरलीच नसती, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील नकलकारांनी, रंग उठून दिसावेत एवढ्याच हेतूने जे व्हार्निश फासले, त्यांच्या बाजूने मात्र अशी कैफियत मांडता येणार नाही.

ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केले आहे त्यांना पुढची गोष्ट ठाऊक आहे. कापसाचा बोळा द्रावकात बुडवून, निथळून, नखाएवढ्या चौकोनावर फिरवला की तो प्रथम पिवळा होतो, दुसऱ्या-तिसऱ्या बोळ्याला तपकिरी येते, आणि मग एखाद्या बोळ्याच्या कडेला गेरूची पुसट लाली उतरते. ती दिसताक्षणी हात थांबला पाहिजे, कारण तो मळ नव्हे, दीड हजार वर्षांपूर्वीच्या चितारी हाताचा रंग असतो. अजिंठ्याचे चित्रण सुकलेल्या गिलाव्यावर, सरसाच्या जातीच्या बंधकात झालेले, आणि खालचा गिलावा माती, तूस व वनस्पतींच्या तंतूंचा. तेथे साधे पाणीदेखील निरुपद्रवी समजता येत नाही. अशा भिंतीसमोर उभे राहून ‘निघेल’ म्हणणाऱ्याने किती निघेल आणि कोठे थांबेल हे सांगितले नाही, तर त्याने काहीच सांगितले नाही.

लाखेनंतर पॉलिव्हिनाइल ॲसिटेटची पाळी आली. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांनी ते वापरले, आणि पारदर्शकता व विद्राव्यता या दोन्ही कसोट्यांवर ते लाखेपेक्षा सरस होते यात संशय नाही. पण तिशीच्या आसपासच्या तापमानाला ते मऊ पडते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मऊ पडलेल्या थरावर प्रेक्षकांच्या पायांनी उडालेली धूळ किती निष्ठेने बसते हे निराळे सांगावयास नको. ब्रिटिश म्युझियमने १९९९ साली, ‘रिव्हर्सिबिलिटी’ नावाची वस्तू मुळात अस्तित्वात आहे काय, याच प्रश्नावर परिषद भरवली होती. पुन्हा उपचार करण्यास वाव राखणे, एवढाच मर्यादित दावा आता अनेक जाणकार करतात, आणि तो आम्हांला अधिक प्रामाणिक वाटतो.

वास्तूंच्या बाबतीत तर हा शेरा निव्वळ थट्टा ठरतो. दरवाज्यांच्या या शहरात चुन्याच्या जुन्या दरजा सिमेंटने भरलेल्या पाहावयास मिळतात. चुना नरम आणि श्वास घेणारा, सिमेंट ताठ आणि कोंडणारे, त्यामुळे ओल दरजेतून बाहेर पडण्याऐवजी शेजारच्या विटेतून किंवा दगडातून वाट काढते व क्षार तेथेच फुलतात. ‘पुढे काढता येईल’ म्हणून ठेवलेले हे सिमेंट छिन्नीने काढू गेल्यास दगडाची कोर त्याच्याबरोबर येते, हे कोणताही गवंडी सांगेल. त्याला अहवाल लिहावा लागत नाही, म्हणून तो खरे बोलू शकतो.

आणि गंमत अशी, की ज्या अडचणी खरोखर दूर होण्याजोग्या आहेत त्यांच्यापुढे हे विशेषण सहसा लिहिलेच जात नाही. लेण्याच्या माथ्यावरून खडकाच्या भेगांत उतरणारे पावसाचे पाणी चर खणून वळवता येते. वटवाघळांना जाळीने अटकाव करता येतो. दालनात एका वेळी किती माणसे सोडावीत हे ठरवता येते, कारण बंद जागेतील दमटपणा श्वासांनीच वाढतो. यांत द्रावक नाही, शोधनिबंध नाही, उद्घाटनाचे छायाचित्रही नाही. म्हणून ही कामे किरकोळ दुरुस्तीच्या सदरात पडून राहतात, आणि चित्राच्या पृष्ठभागावर, जेथे मागे फिरण्याचा रस्ता सर्वांत अरुंद आहे, तेथे आपण सर्वांत उदारपणे ‘रिव्हर्सिबल’ लिहितो.

म्हणून संपादक मंडळाने पुढील अंकापासून एक तजवीज केली आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रकरण-वृत्तान्तात हे विशेषण एकटे आढळल्यास मजकूर दुरुस्तीसाठी परत पाठवला जाईल. त्याऐवजी कोणत्या द्रावकाने, केवढ्या चाचणी-चौकोनावर, आलेपनाच्या कितव्या वर्षी ते काढून पाहिले, आणि बोळ्यावर रंग उतरला की नाही, एवढे लिहावे. चाचणी घेतलीच नसेल तर ‘चाचणी घेतली नाही’ असे लिहावे. तो वृत्तान्तही आम्ही छापू. चौकोनाचे छायाचित्र आधीचे व नंतरचे, एकाच प्रकाशात घेतलेले असावे आणि शेजारी मोजपट्टी असावी.