विश्लेषण : ‘जिम लावली’, पुढे काय?

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या दिशेने वळली की पहिले स्थानक विठ्ठलवाडी. इथून मुंबईतली नोकरी गाठायला एका बाजूने तासाभराहून अधिक वेळ जातो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांचेही तेच. सकाळी दांडीला लटकून उभे राहणे, दिवसभर खुर्चीत बसणे, रात्री पुन्हा लटकणे. या दगदगीने माणूस दमतो, पण त्याचे स्नायू मजबूत होत नाहीत. दमणे आणि व्यायाम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘आमचा प्रवासातच व्यायाम होतो’ ही समजूत नेमकी तिथेच फसते.

सडपातळ माणसाला याची गरज काय?

याचे उत्तर पुण्यातून मिळाले. केईएम रुग्णालयाचे मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंची-वजनाच्या हिशेबात दोघे अगदी सारखे. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा दोघांना एकच आकडा दाखवत होता, आतला ऐवज मात्र वेगळा होता. हातपाय बारीक, पोट किंचित पुढे आणि स्नायू कमी, ही ठेवण भारतीयांत सर्रास आढळते.

जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू ओढून घेतात. स्नायूच कमी असतील तर ती साखर जाणार कुठे? देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. त्यात तिशीनंतर स्नायू दर दशकात साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना चालण्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करायला सांगते. रोज फेरफटका मारणारे आजोबा जमिनीवरून उठताना हात टेकतात, ते ताकद कमी पडते म्हणून. चालण्यात ते कुठेही कमी नसतात.

मग जोर-बैठका पुरेशा नाहीत का?

सुरुवातीला पुरेशा आहेत, आणि उत्तमही आहेत. बैठकांनी मांड्या, जोरांनी छाती आणि दंड तयार होतात. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. पण शरीर लवकर सरावते. ५० बैठका सहज होऊ लागल्या की पुढच्या ५० बैठकांनी दमसास वाढतो, ताकद फारशी वाढत नाही. ताकद हवी तर भार वाढवावा लागतो. तालमीतल्या जुन्या वस्तादांना हे ठाऊक होते. मुद्गल, जोडी, नाल ही साधने त्याचसाठी होती. अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी १९४० च्या दशकात जखमी सैनिकांवर हेच तत्त्व पद्धतशीर वापरले : पेलेल एवढे वजन, मोजक्या आवृत्त्या, आणि जमू लागले की थोडे अधिक वजन.

पहिले दोन महिने कसे असावेत?

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती, प्रत्येक वेळी ३०-४० मिनिटे. आज फक्त दंड, उद्या फक्त छाती ही विभागणी शरीरसौष्ठवाच्या स्पर्धकांसाठी आहे. नवख्याने प्रत्येक वेळी सगळ्या शरीराला काम द्यावे : बसून उठणे (बैठक किंवा स्क्वॉट), कमरेतून वाकून वजन उचलणे, ढकलणे (भिंतीवर किंवा जमिनीवर जोर), ओढणे (डंबेल किंवा रबरी पट्टा) आणि हातात वजन घेऊन चालणे. प्रत्येकाचे दोन सेट, सेटमध्ये ८ ते १२ आवृत्त्या. अजून दोन आवृत्त्या जमल्या असत्या, असे वाटेल तिथे थांबायचे. सलग दोन वेळा १२ आवृत्त्या नीट झाल्या की वजन थोडे वाढवायचे. जिम परवडत नसेल तर घरातली बादली चालेल. १० लिटर पाणी म्हणजे १० किलो. गॅसचा भरलेला सिलिंडर मात्र व्यायामाचे साधन नव्हे. त्यात १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचे वजन असते, म्हणजे जवळपास ३० किलो. तो गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलता येणे हे या व्यायामाचे फळ म्हणता येईल.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण आरशात काही दिसत नाही. कारण तेव्हा बदल घडतो तो मेंदू आणि मज्जातंतूंत. असलेल्या स्नायूंना एकत्र कामाला लावणे ते शिकतात. स्नायू भरायला महिने लागतात. बहुतेक लोक नेमके या टप्प्यावर सोडून देतात, आणि वर्षाची फी जिममालकाकडे राहते.

बायकांना वाटणारी ‘अंग पुरुषी होईल’ ही भीती अनाठायी आहे. स्त्रियांत टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फार कमी असते. उलट पाळी थांबल्यानंतर हाडे वेगाने ठिसूळ होतात, तेव्हा भार उचलण्याचा व्यायाम त्यांनाच अधिक हवा.

पावडर घ्यावी लागते का?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याने त्याहून थोडी अधिक घ्यावीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ८ ग्रॅम, मूठभर फुटाण्यांत ६ ग्रॅमच्या आसपास. सोयाबीन, मटकी, शेंगदाणे, मासे हे तर घरचेच. याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा असेच सांगतात. जो प्रशिक्षक पहिल्या आठवड्यात डबा पुढे सरकवतो, त्याचे लक्ष आपल्या खांद्यांपेक्षा खिशाकडे असते. इंजेक्शनची भाषा निघाली तर ती जिमच सोडावी. ‘टर्मिन’ या नावाने काही जिममध्ये फिरणारे मेफेन्टरमाइन हे भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणण्याचे औषध आहे. निरोगी तरुणाच्या हृदयाशी तो खेळ आहे.

दुखणे कोणते चालते, कोणते नाही?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकणे सामान्य; ते आपोआप जाते. सांध्यात कळ येणे, छातीत दुखणे, चक्कर येणे हे सामान्य नाही. वजन उचलताना श्वास कोंडू नये. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा मणक्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि मित्रांच्या पैजेखातर पहिल्याच दिवशी ५०० बैठका मारू नयेत. अति ताणाने स्नायू फुटले की त्यांतला मळ मूत्रपिंडात जातो. अंग भयंकर सुजले, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.