दादासाहेब अकरा वर्षे खासदार होते, याची आठवण कोण ठेवणार?

कर्मवीर दादासाहेब गायकवाड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काळाराम मंदिराचा सत्याग्रह येतो, भूमिहीनांचा सत्याग्रह येतो, धोतर-कोट घातलेला फोटो येतो. पण १९५७ ते १९६२ लोकसभेत आणि १९६२ ते १९६८ राज्यसभेत हा दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा माणूस खासदार म्हणून बसला होता, हे आपल्या एकाही पोस्टरवर नसते. त्याआधी १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेत गेले होते, हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक आहे. आपण त्यांच्यातला आंदोलक ठेवला आणि लोकप्रतिनिधी विसरलो. आमच्या मते ही विस्मृती आज कोणाच्या तरी सोयीची आहे.

सोय अशी. राखीव मतदारसंघातून निवडून गेलेला आमचा आमदार-खासदार पाच वर्षे सभागृहात काय करतो, हे आम्ही विचारत नाही. तो १४ एप्रिलला निळा फेटा बांधून आला, मिरवणुकीला डीजेचे पैसे दिले, विहारासमोर पेव्हर ब्लॉक टाकून दिले की आमचा हिशोब मिटतो. समाजमंदिराच्या भिंतीवर त्याच्या निधीची पाटी लागते. तो कोणत्या समितीवर आहे आणि तिथे त्याने काय विचारले, हे त्याच्या कार्यकर्त्यालाही सांगता येत नाही.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: "सभागृहात बोलून काय होतं हो? बहुमत त्यांचं." या उत्तराचा समाचार इतिहासातच घेतला पाहिजे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती मागणारे. महार रात्रंदिवस सरकारची कामे करायचा, कोणत्याही खात्याचा अंमलदार आला की धावायचा, आणि मोबदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते. बाबासाहेबांचे म्हणणे होते की बलुत्याचे रोख पैशात रूपांतर करा आणि ते सरकारने वसूल करून द्यावे, कामे कोणती ते ठरवून द्या, आणि ज्याला वतनाची चाकरी सोडायची आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता येऊ द्या. विधेयक प्रवर समितीकडे गेले. तिथून ते असे रूप बदलून आले की १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. म्हणजे हरले? सभागृहात हरले. पण त्या विधेयकाने वतनाचा प्रश्न गावच्या चावडीवरून उचलून कायद्याच्या भाषेत आणला. पुढे हरेगाव आणि सिन्नरला वतनदार महारांच्या परिषदा भरल्या आणि अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने संपली.

खोतीचेही तेच. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. बाबासाहेबांनी विधेयक आधी ठेवले आणि मोर्चा मागून आणला, हे लक्षात घ्या. त्या मोर्चातल्या कोकणी कुळाला आपण काय मागतो आहोत हे कलमासह माहीत होते.

दादासाहेब याच शाळेतले. ६ डिसेंबर १९६४ ला रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला तेव्हा दादासाहेब राज्यसभेचे सदस्य होते! खासदारकी वाचवायला घरी बसले नाहीत, आणि खासदारकी म्हणजे ढोंग असे म्हणून ती फेकलीही नाही. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढे ठेवलेल्या दहा मागण्या आज पुन्हा काढून वाचा. कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, धान्याचे वाटप आणि भाववाढीवर नियंत्रण, झोपडपट्टीवासीयांची स्थिती, १९४८ च्या किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, अस्पृश्यता कायद्याखाली न्याय, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती, नोकऱ्यांतल्या राखीव जागा १९७० पर्यंत भरणे, आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. यातल्या जवळपास प्रत्येक मागणीमागे एखादा कायदा, एखादे खाते किंवा एखादी मुदत उभी आहे. सभागृहाचे कामकाज जाणणाऱ्या माणसाने लिहिलेला हा कागद आहे. तीन लाखांवर लोक तुरुंगात गेले असे चळवळ सांगत आली, ते या कागदासाठी.

तैलचित्र लागले १२ एप्रिल १९९० ला. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० मध्ये. सव्वीस वर्षे! दोन्ही पाहायला दादासाहेब नव्हते, ते २९ डिसेंबर १९७१ ला गेले. "बोलून काय होतं" म्हणणाऱ्यांनी ही सव्वीस वर्षे मोजावीत. नुसत्या भाषणाने हे झाले नाही, हे आम्हीही मानतो. पण मागणी लिहून, नोंदवून, पुन्हा पुन्हा समोर ठेवली नसती तर १९९० साली कोणाला काय द्यायचे हे तरी कळले असते का?

दुसरे उत्तर जरा वजनदार आहे. पुणे कराराने राखीव जागा दिल्या, पण मते सगळ्यांची. त्यामुळे निवडून येणारा माणूस पक्षाचा असतो, समाजाचा नसतो. कांशीराम साहेबांनी १९८२ मध्ये 'चमचा युग' लिहिले ते यावरच. हे विश्लेषण आम्हाला मान्य आहे. मान्य नाही ते त्याची ढाल करणे. पक्षाचा व्हीप मतदानाला बांधतो. तारांकित प्रश्न विचारायला व्हीप आडवा येत नाही, लक्षवेधी मांडायला येत नाही, आणि संसदेच्या स्थायी समित्यांत तर व्हीप चालतच नाही. तिथे सत्ताधारी खासदारही सचिवाला बसवून विचारू शकतो की अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीचे पैसे का पडून राहिले. पटले नाही तर अहवालाला भिन्न मत जोडू शकतो. बैठकीला कोण हजर होते याची नोंद अहवालासोबतच्या इतिवृत्तात छापलेली असते. तेव्हा गप्प बसणाऱ्याला गप्प कोणी बसवले, हा प्रश्न नेहमी पुणे करारापर्यंत नेऊ नका. कधीकधी तो माणूस नुसता आळशी असतो.

आणि सभागृह दूर आहे म्हणणाऱ्यांसाठी एक समिती जिल्ह्याच्या गावीच आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम १७ वाचा. जिल्हास्तरीय दक्षता व नियंत्रण समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि सदस्यांत जिल्ह्यातले निवडून आलेले खासदार-आमदार. राखीव जागेवरचेच नव्हे, सगळेच. तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक व्हायलाच हवी. नियम १६ प्रमाणे राज्यस्तरीय समितीचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री, बैठक जानेवारी आणि जुलैमध्ये. गावात बहिष्कार पडतो, पीडित कुटुंबाला नुकसानभरपाईचा हप्ता मिळत नाही, दोषारोपपत्र रखडते, तेव्हा आपण तहसीलवर मोर्चा नेतो. न्यावाच. पण त्या समितीच्या मागच्या चार बैठकांचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागवले का? आमदार हजर होता की त्याचा स्वीय सहायक सही करून गेला, हे पाहिले का? हा कागद समाजकल्याण कार्यालयात मिळतो, त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही.

निधीचेही तसेच. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचा पैसा लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याची ओरड त्या खात्याच्या मंत्र्यानेच जाहीरपणे केली. अनुसूचित जातींचा निधी दुसरीकडे वळवू नये म्हणून आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये कायदे केले. असा कायदा मागणारे अशासकीय विधेयक कोणताही आमदार मांडायला घेऊ शकतो.

आता दादासाहेबांच्या मूळ प्रश्नावर, जमिनीवर येतो. मराठवाड्यात हजारो भूमिहीन कुटुंबे गायरान कसत आली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. पण गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे तलाठ्याच्या अतिक्रमण नोंदवहीत, नाव चढलेच नाही तर तो निर्णय कागदावरच राहतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितले, पण त्याच निकालात सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल तर अपवाद ठेवला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोटिसा निघाल्या तेव्हा धनदांडग्याचे अतिक्रमण आणि चाळीस वर्षे ज्वारी पेरणाऱ्या बौद्ध, मातंग, पारधी कुटुंबाचा तुकडा एकाच मापाने मोजला जाण्याची भीती उभी राहिली. हा फरक दाखवायचे काम वकिलाइतकेच आमदाराचे आहे.

म्हणून येत्या अधिवेशनाआधी तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी एवढा तारांकित प्रश्न आपल्या आमदाराच्या हातात लेखी द्यावा आणि पोच घ्यावी: जिल्ह्यात १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील किती अतिक्रमणे अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची आहेत, त्यांपैकी किती नियमित झाली, किती अर्ज कोणत्या कारणाने फेटाळले, आणि नोटीस दिलेल्यांत या कुटुंबांची संख्या किती? प्रश्न लागला तर उत्तराची प्रत गावोगाव वाचू. आमदाराने दिलाच नाही, तर पोच असलेला कागद पुढच्या निवडणुकीच्या सभेत त्याच्यासमोर वाचू.

जय भीम.