पाडून टाका म्हणणाऱ्यांनो...

"एकदाचं पाडून टाका ना ते घर!" हे वाक्य मी गेल्या दहा वर्षांत किती जणांकडून ऐकलं, त्याची मोजदाद नाही. म्हणणारे सगळे आपलेच. कुणी पुण्याहून फोनवर म्हणतं, कुणी मे महिन्यात आमरस ओरपता ओरपता म्हणतं. काळजीपोटीच म्हणतात, हे मला कळतं. पण काळजीपोटी दिलेला सल्लाही चुकीचा असू शकतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. आमची नातलग मंडळी हे वाचतात, हे ठाऊक आहे मला. वाचावंच त्यांनी!

आमचं घर दापोली तालुक्यातलं, १९०८ सालचं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. मी १९७४ साली लग्न होऊन या घरात आले. तेव्हापासून इथले पन्नासएक पावसाळे पाहिले. म्हणजे जवळजवळ निम्मं आयुष्य घराने माझ्यासमोर काढलंय. तेव्हा त्याच्या वतीने चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे, असं मी समजते.

पहिला मुद्दा. घर ‘जुनं झालं म्हणून’ बिघडलं, हे साफ खोटं आहे. ते बिघडलं दुरुस्तीमुळे!

जांभा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे तो पोटभर पितो. शिवाय जमिनीतली ओल खालून वर चढते ती वेगळीच. हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी भिंतीला चुना लावला. चुन्यातून ओल आरपार जाते आणि पावसाळा सरला की भिंत वाळते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो. बारीकसारीक चिरा तर पुष्कळदा आपल्या आपण भरून येतात. वरून हातभर पुढे आलेली वळचण, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडणार. सगळं एकमेकांना धरून केलेलं होतं.

आता यावर सिमेंट थापलं की काय होतं? ओल आत शिरायची थांबत नाही. सिमेंट ताठ, भिंत जरा हलणारी. त्यामुळे गिलाव्याला चिरा पडतात आणि त्यातून पाणी आत जातं. आत गेलेलं बाहेर यायला मात्र वाट नाही. मग ते घराच्या आतल्या बाजूने बाहेर येतं, लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोकं कुजतात.

हे पुस्तकी ज्ञान पाजळत नाहीये बरं का! आमच्या एकाच घरात दोन्ही प्रयोग झालेत. उत्तरेकडचा हिस्सा धाकट्या भावजींचा. त्यांनी २०११ साली शहरातून कंत्राटदार आणला. बाहेरून सिमेंटचा गिलावा, आतून ऑइलपेंट, भोवतीच्या अंगणात सिमेंटचा कोबा. वर्षभर ते इतकं चकचकीत दिसत होतं की आमचा हिस्सा शेजारी गरीब नातेवाइकासारखा वाटायचा. तिसऱ्या पावसाळ्यात आतला रंग फुगला. अंगणात कोबा घातल्यावर जमिनीतल्या ओलीला भिंतीखेरीज दुसरा रस्ताच उरला नाही ना! सातव्या वर्षी माजघराच्या तुळईचं टोक हाताने चुरलं. आमच्या दक्षिणेकडच्या हिश्श्याला तोच पाऊस, तीच जमीन, तेच चिरे. दर दोन वर्षांनी चुन्याची सफेदी, एवढंच. तुळया ठणठणीत. भावजी, रागावू नका. तुमचा हेतू चांगलाच होता. पण दोन्ही भिंतींना हात लावून बघा आणि मला सांगा.

कंत्राटदाराला यावर विचारलं, तर त्याचं उत्तर काय? वॉटरप्रूफिंगचा आणखी एक थर द्या! ताप आला तरी तीच गोळी, पाय मोडला तरी तीच गोळी. आणि गोळी लागू पडली नाही, की म्हणायचं, "पेशंटच जुना आहे, पाडून टाका." मी शाळेत छत्तीस वर्षं निबंध तपासले. चार चुका असल्या तर लाल शाईने चार खुणा करत होते. वही फाडून नवी आण म्हणत नव्हते.

सिमेंट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात १८२४ साली घेतलं गेलं, आपल्याकडे पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंट तयार होऊ लागलं. धरणं, पूल, इमारती, सगळं त्यावर उभं आहे. आमचं न्हाणीघर, संडास आणि पाण्याची टाकी सिमेंटचीच आहे. माझ्या गुडघ्यांसाठी कमोडही बसवलाय. मी म्युझियममध्ये राहत नाही! पण जे घर सिमेंट गावात पोचायच्या आधी, दुसऱ्या हिशेबाने बांधलं, त्याला दुसऱ्याच हिशेबाचं औषध कसं चालेल?

आता कौलं. "पत्रे टाका, दरवर्षीची कटकट संपेल." ही कटकट म्हणजे शाकारणी. मे महिन्यात कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वासे-रिपा तपासायच्या, वाळवी दिसली तर काजूच्या टरफलाचं तेल लावायचं. अहो, ही कटकट नाही, ही घराची वार्षिक परीक्षा आहे. त्यामुळे बिघाड लहान असतानाच कळतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची कौलं उडाली, शेजारचे पत्रेही उडाले. वादळाने पक्षपात केला नाही. पण कौल एकेक बदलता येतं. पत्रा जातो तो अख्खा जातो, आणि जाताना दुसऱ्याच्या आंब्यावर जाऊन पडतो.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. आमचा इंजिनिअर भाचा म्हणतो, "मामी, किल्लारी आठवा." आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. त्यावर ‘जुनं ते सोनं’ म्हणणं हा निर्लज्जपणा होईल. पण ती घरं का पडली हेही बघायला हवं. गोल दगड मातीत रचलेल्या जाड, दोन पदरी भिंती, दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीचं जड धाबं. तिथेही नंतर उभी असलेली घरं बळकट करण्याच्या पद्धती सांगितल्या गेल्याच. म्हणजे प्रश्न घराच्या वयाचा नाही, बांधणीचा आहे. म्हणून माझं भाच्याला सांगणं, तू ये, चार दिवस राहा, कोपरे तपास, भिंती कुठे बांधून घ्यायच्या ते सांग. ते मी निमूट ऐकेन. फोनवरून ‘पाडा’ म्हणू नकोस.

इथवर वाचून दुसरा पक्ष खूष झाला असेल. म्हणजे ‘काकू, काही काही बदलू नका हं’वाला. तुमच्याकडेही वळते! तुम्ही मे महिन्यात येता, ओटीवर बसून फोटो काढता, ‘काय ते दिवस’ म्हणता आणि पाऊस पडायच्या आत परत जाता. शाकारणीचा हिस्सा मागितला की दोन महिने निरोप जातो आणि तिसऱ्या महिन्यात पाऊस येतो. सातबारावर नाव आहे, पण सात हिस्सेदारांपैकी खर्चाला तीनच. घर सिमेंटने जितकं मरतं तितकंच नुसत्या प्रेमानेही मरतं. किंबहुना पाडा म्हणणारा निदान त्या घराचा विचार तरी करतो.

आणि वेळ थोडा आहे. कळीचा चुना अजून मिळतो, पण तो खड्ड्यात किती दिवस भिजवायचा, त्यात गुळाचं पाणी किती घालायचं, हे हाताने जाणणारा गवंडी आमच्या भागात माझ्या वयाचा आहे. त्याचा मुलगा मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो. मीही काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. दिवाळीला सगळे याल तेव्हा घर ठेवायचं की नाही, ते एकदा ठरवा. ठेवायचं तर दरवर्षी प्रत्येकाने हिस्सा द्यायचा, एप्रिलच्या आत, न मागता. उत्तरेकडचा सिमेंट गिलावा काढायचा आणि गवंडी आहे तोवर चुन्याचं काम करून घ्यायचं, शेजारी दोन तरुण पोरांना शिकायला उभं करून. नसेल ठेवायचं, तर तसं तोंडावर सांगा आणि सगळ्यांनी सह्या करा. मी रडत बसणार नाही.

पण ‘घर जुनं झालं’ हे कारण देऊ नका. मी पंचाहत्तरची आहे. हे कारण एकदा चालवून घेतलं, की मग ते कुठे जाऊन थांबेल याचा नेम नाही!