बैलाचा खांदा सुजला तर औत सुटतं. धन्याच्या जखमेचं काय?



बैलाचा खांदा सुजला तर आपण त्या दिवशी औत धरत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच खांद्याला हळद-लोणी चोळतो. आणि ज्वारी कापताना विळा स्वतःच्या बोटावर बसला तर? चिमूटभर माती दाबायची, नाहीतर तंबाखू, चिंधी गुंडाळायची आणि पुन्हा पात धरायची. वर मोठेपणानं सांगायचं, कुणब्याच्या कातड्याला काही होत नाही.

हे मोठेपण आम्हाला मान्य नाही. धनुर्वाताचे जंतू राहतात तेच मुळी मातीत आणि शेणात, म्हणजे आपल्या धुऱ्यापासून गोठ्यापर्यंत. पऱ्हाटीचं धसकट किंवा बाभळीचा काटा पायात खोल जातो, बाहेर भोक राईएवढं, आत हवा लागत नाही. नेमके तिथंच ते वाढतात. त्यावर शेण-माती दाबणं म्हणजे जंतू आपल्या हातानं पेरणं. गरोदर बायांना निदान धनुर्वाताची सुई मिळते. गड्यांनी आठवून पाहावं, शाळा सुटल्यावर कधी घेतली?

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दहा मिनिटं गच्च दाबून धरा, मधे उघडून बघू नका. मग पिण्याच्या पाण्याची धार सोडा, माती-काडी निघेपर्यंत. भोवतीची कातडी साबणानं धुवा. फवारणीच्या ड्रमातलं पाणी नको, आणि उघड्या जखमेच्या हातानं औषध कालवूही नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं काय झालं ते आपण विसरलेलो नाही. धुतलेलं, उन्हात कडक वाळवलेलं सुती कापड बांधा, रोज बदला, भिजलं-मळलं तर लगेच. चुना नको, रॉकेल नको. हळदीवरून आमच्यातच वाद झाला, म्हाताऱ्यांना ती सोडवत नाही. आमचं म्हणणं एवढंच की डब्यातली हळद निर्जंतुक नसते, ती धुण्याच्या जागी चालत नाही. जखम खोल किंवा मातीची असेल आणि शेवटच्या सुईला पाच वर्षं उलटली असतील, किंवा आठवतच नसेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

पहिले दोन दिवस थोडी लाली, थोडी ठणक असतेच. पण ठणका उतरण्याऐवजी चढला, जागा कढत लागू लागली, पू आला, वास आला, म्हणजे जखम चिघळली. लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारून ठेवा. सकाळी लाली रेघेबाहेर दिसली तर वेचणी टाकून निघा. जखमेपासून वर चढणारी लाल रेघ, काखेत-जांघेत गाठ, थंडी वाजून ताप, यात तर सकाळचीही वाट पाहू नका. तोंड उघडेना, मान ताठली, घास गिळवेना, हा धनुर्वात. जखम भरून आल्यावरही तो दिसू शकतो. त्याला थेट मोठं रुग्णालयच लागतं. साखरेची बिमारी असलेल्याला पायाची जखम कळतही नाही, घरच्यांनी रोज तळवे बघावेत.

आता सरकारचा हिशेब. कापसाच्या उत्पादन खर्चात बैलजोडीच्या मजुरीला रकाना आहे. कापलेल्या बोटाला आणि बुडालेल्या आठ दिवसांना नाही. शेतकरी अपघाताचं अनुदान मिळतं ते मेल्यावर 2 लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यावर 1 लाख. ती वेळ येऊ नये म्हणून लागणाऱ्या सुईसाठी मात्र उपकेंद्राचं कुलूप बघून परत यायचं! 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. कुलपाला मोफत उपचार काय कामाचे?

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावानं दोन गोष्टी लिहून आणाव्यात: उपकेंद्र कोणत्या वारी किती वाजता उघडं असतं, आणि धनुर्वाताची सुई शिल्लक आहे का. सांगोवांगी नको. स्वतः जाऊन, तारीख टाकून, दोघांच्या सह्यांनिशी.