वेगाची जाहिरात आणि हमीची पळवाट

घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिलेली मोटारींची आणि मोटारसायकलींची काचबंद दालने ही ठाण्याच्या नव्या सुबत्तेची खूण मानली जाते. या दालनांत वाहनाइतकाच वेगही विकला जातो. भिंतीवरच्या चित्रात शर्यतीच्या मार्गावर झुकलेला स्वार असतो. मोटारीच्या माहितीपत्रकात ताशी १०० किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठता येतो, याचा आकडा ठळक छापलेला असतो. ग्राहक या भाषेवर विश्वास ठेवून पैसे मोजतो. वाहनाबरोबर हाती पडणारी हमीपत्रिका मात्र दुसरीच भाषा बोलते. शर्यत, स्पर्धा, वेगाची चाचणी, गैरवापर आणि 'असामान्य वापर' यांमुळे झालेल्या बिघाडास कंपनी जबाबदार राहणार नाही, अशा अर्थाचे कलम बहुतेक हमीपत्रिकांत बारीक टाइपात असते.

हा प्रश्न वरवर पाहता मूठभर श्रीमंतांचा वाटेल. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे, कोइम्बतूरला आणि २०११ पासून ग्रेटर नोएडा येथे शर्यतीचे कायम मार्ग आहेत. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीतील धावपट्टीवरही वेगाच्या स्पर्धा झाल्या आहेत. लाखो रुपयांची मोटार घेऊन हौशी मालक अशा ठिकाणी जातात आणि परतल्यावर गिअरबॉक्स वा इंजिन बिघडले, तर हमीवरून तंटा उभा राहतो. कारकुनाने किंवा शिक्षकाने त्याची काळजी का वाहावी? याचे उत्तर असे की, त्या मूठभरांसाठी लिहिलेल्या कलमाचा फटका डोंबिवलीच्या चाळीतील कर्जावर घेतलेल्या मोटारसायकलीलाही बसू शकतो.

कंपनीची बाजू

प्रथम कंपनीची बाजू न्यायाने पाहिली पाहिजे. शर्यतीच्या मार्गावर वाहनावर पडणारा ताण नेहमीच्या रस्त्यावरील ताणाहून निराळ्या जातीचा असतो. वारंवार जोराने दाबल्यामुळे ब्रेकमधील द्रव उकळू लागतो. लांब वळणावर वेगाने जाताना इंजिनातील तेल एका बाजूस सरकते आणि काही क्षण भागांना वंगण मिळत नाही. घाईत चुकून खालचा गिअर पडला, तर चाकेच इंजिनाला मर्यादेबाहेर फिरवतात. इंधन तोडून इंजिनाच्या फेऱ्या रोखणारी यंत्रणा अशा वेळी काहीच करू शकत नाही. या नुकसानीचा खर्च कंपनीने सरसकट उचलला, तर तो शेवटी वाहनाच्या किमतीत मिसळेल. रोज घरापासून स्टेशनपर्यंत मोटारसायकल नेणारा शिक्षक शर्यतबाजाच्या हौसेचा वर्गणीदार ठरेल. हमी हाही एक प्रकारचा विमाच आहे, आणि विमा उतरला म्हणून माणूस बेफिकीर होतो हा धोका अर्थशास्त्राला नवा नाही.

परंतु हमीचे दुसरेही एक कार्य आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला आणि २००१ साली त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तूचा खरा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. ही विषमता वाढली की चांगला मालही बाजारातून हटू लागतो. हमी हा त्यावरचा एक उतारा होय. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे, तोच दीर्घ मुदतीचे वचन देऊ शकतो, आणि ग्राहक त्या वचनावरून मालाची पारख करतो. वचनाचे शब्द मात्र असे असावे लागतात की, विक्रेत्याला ते मागाहून हवे तसे वाकवता येऊ नयेत. 'शर्यत' या शब्दाला काही निश्चित अर्थ आहे; 'असामान्य वापर' या शब्दाला तो नाही.

परदेशातील दोन उदाहरणे येथे बोधप्रद आहेत. २००८ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या निस्सान जीटी-आर या मोटारीत उभ्या स्थितीतून विलक्षण जोराने सुटण्याची सोय होती. ती वापरण्यासाठी गाडीची स्थिरता राखणारी यंत्रणा बंद करावी लागे. आणि ती बंद असताना झालेला बिघाड हमीत बसत नाही, अशी पुस्तिकेची भाषा होती. काही मालकांचे गिअरबॉक्स निकामी झाले, हमी नाकारली गेली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले. पुढे कंपनीने गाडीच्या संगणकातील आज्ञावलीच बदलली. याउलट ऑस्ट्रेलियात २०१८ साली आलेल्या ह्युंदाई आय-३० एन या मोटारीच्या बाबतीत, स्पर्धा नसलेल्या अधूनमधूनच्या मार्गफेऱ्या हमीत धरल्या जातील, असे कंपनीने आरंभीच जाहीर केले. वेग विकायचा तर त्याची जबाबदारीही किमतीत धरता येते, हा याचा अर्थ.

सामान्य वापर कोणाचा?

आता ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीकडे वळावे. या पट्ट्यात शर्यतीचा मार्ग नाही. आहे तो कल्याण-शीळ रस्ता आणि गायमुखचा घाट. पावसाळ्यात खड्ड्यांतून आदळत, अर्धा क्लच दाबून इंच इंच सरकत तास काढणे हा येथील वाहनांचा नित्यक्रम आहे. अशा सरपटण्याने क्लचच्या तबकड्या तापून झिजतात, खड्ड्यांनी चाकांच्या बेअरिंगना आणि पुढच्या दांड्यांतील तेल अडवणाऱ्या सीलना इजा होते. मग 'सामान्य' वापर म्हणजे कोणता? माहितीपत्रकातील रिकामा, गुळगुळीत रस्ता सामान्य की ऑगस्टमधला कल्याण-शीळ? जे लाखो लोक रोज करतात त्याला असामान्य म्हणणे हा शब्दाचा विपर्यास आहे.

याच शहरांतील दुसरा वर्ग आहे तो खाद्यपदार्थ आणि सामान घरपोच देणाऱ्या तरुणांचा. महाविद्यालयाचे शिक्षण सांभाळून किंवा ते सोडून, हप्त्यावर घेतलेल्या मोटारसायकलीवर तो सायंकाळपासून मध्यरात्रीपर्यंत फिरतो. त्याच्याही मार्गात 'व्यावसायिक वापर' हे वगळणुकीचे कलम उभे राहते. खासगी वाहनाच्या विमापत्रातील २००२ च्या प्रमाणित दरसूचीची भाषा या संदर्भात वाचण्यासारखी आहे. भाड्याने वा मोबदल्यासाठी वापर, मालाची ने-आण, संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी या सर्व गोष्टी तेथे एकाच दमात वगळल्या आहेत. धनिकाची हौस आणि गरजूची रोजी कायद्याच्या एकाच वाक्यात शेजारी बसली आहेत. त्यांतील फरक असा की, हौशी मालक पदरचे पैसे घालून गिअरबॉक्स बदलू शकतो. दुसऱ्याची मोटारसायकल दुरुस्तीगृहात पडून राहिली, तर रोजची कमाई थांबते आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

कायदा या तरुणाला पूर्णपणे विसरलेला नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने 'व्यापारी हेतू' या शब्दांचा ऊहापोह केला. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच ठरतो, असे त्या निकालात स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. म्हणजे ग्राहक आयोगाचे दार त्याला उघडे आहे. शिवाय तक्रार आता आपल्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क पडत नाही. मात्र दोन वर्षांची मुदत विसरून चालणार नाही.

पुराव्याचा भार

दार उघडे असले तरी आत गेल्यावर खरी अडचण सुरू होते. बिघाड मुळात उत्पादनातील दोषामुळे झाला, हे सिद्ध करण्याचे ओझे सामान्यतः तक्रारदारावर पडते. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तपासणीचे शुल्क प्रथम तक्रारदारालाच भरावे लागते. चाचणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. आयोगांचा प्रत्यक्ष अनुभव मात्र धीर पाहणारा असतो.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे पुरावा प्रतिपक्षाच्या हाती असतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींतही इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे आले. बिघाडाचे संकेत, आणि महागड्या वाहनांत इंजिनाच्या फेऱ्यांच्या नोंदीही, त्यात साठतात. त्या वाचण्याचे उपकरण आणि त्यांचा अर्थ लावण्याची विद्या कंपनीच्या दुरुस्तीगृहाकडे असते. वाहन ग्राहकाचे, नोंद त्याच्या वापराची, पण ती उघडणार कंपनी, वाचणार कंपनी आणि 'गैरवापर' असा निवाडाही देणार कंपनीच! स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होण्याचा हा प्रकार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ह्युंदाई मोटर विरुद्ध शैलेंद्र भटनागर या प्रकरणात दिलेला निकाल येथे मार्गदर्शक ठरावा. अपघातात मोटारीतील हवेच्या पिशव्या फुगल्या नव्हत्या. टकरीचा वेग आणि जोर यांचे गणित मांडण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्रात पारंगत असावा, अशी अपेक्षा करता येत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. हेच तत्त्व इंजिन आणि गिअरबॉक्स यांनाही लागू व्हावयास हवे.

काय करता येईल?

उपाय फार दूरचे नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जाहिरातीतील दाव्याला छेद देणारी तळटीप नसावी आणि ती दाव्याच्याच भाषेत व टाइपात असावी, असे त्यांत म्हटले आहे. हाच नियम हमीपत्रिकेपर्यंत नेला पाहिजे. शर्यतीचे चित्र दाखवून वाहन विकावयाचे असेल, तर शर्यत हमीत बसत नाही हे वाक्य त्या चित्राखाली, ठाण्यात तरी मराठीत, तितक्याच ठळकपणे छापावे. दुसरे असे की, गैरवापराचे कारण देऊन हमी नाकारणाऱ्या कंपनीने संगणकातील नोंदीची प्रत आणि लेखी कारण ग्राहकाला देणे बंधनकारक व्हावे. तोंडी नकाराला कायद्यात किंमत नसावी.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार, खरेदीनंतर सहा महिन्यांत दिसून आलेला दोष वस्तू हाती पडली तेव्हाच होता असे सामान्यतः धरले जाते, आणि तसे नसल्याचे विक्रेत्याला सिद्ध करावे लागते. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ साली सदोष मोटारींसाठी स्वतंत्र कायदा करून वारंवारच्या निष्फळ दुरुस्तीला मर्यादा घातली. भारतात अशी गृहीतके कायद्यात येतील, तेव्हा खरा शर्यतबाज सुटणार नाही, कारण त्याच्याविरुद्धचा पुरावा कंपनीजवळच असेल. मात्र निव्वळ संशयावर प्रामाणिक ग्राहकाला परत पाठवता येणार नाही.

तोवर ग्राहकानेही स्वस्थ बसू नये. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या सामूहिक खरेदीची शिस्त ठाणे-डोंबिवलीच्या कित्येक मध्यमवर्गीय घरांना परिचित आहे. महिन्याच्या तुरीच्या डाळीचा दर्जा पारखणारी ही घरे दीड लाखांच्या मोटारसायकलीची हमीपत्रिका मात्र न वाचता कपाटात ठेवतात. मुलाच्या हट्टापायी खरेदी होते आणि अटी बिघाडानंतर कळतात. प्रत्येक तपासणीची पावती जपणे, तक्रार लेखी देऊन पोच घेणे आणि नकार लेखी मागणे, एवढे तरी कोणालाही करता येईल.

वेगाच्या वेडाचे समर्थन कोणी करू नये. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला हमी तर नकोच, शिक्षा हवी. पण ज्याने शर्यत लावलीच नाही, त्याला शर्यतीच्या कलमाखाली घरी धाडणे हा व्यापार नव्हे. जाहिरातीत ज्या वेगाचे पैसे घेतले, त्याच्या परिणामांचा हिशेब हमीपत्रात उघडपणे मांडला गेला पाहिजे. आणि तो मांडण्याचे ओझे, ज्याच्याजवळ आकडे आहेत त्यानेच उचलले पाहिजे.