खड्डे खोदण्याचें गिरमिट व बागाईतदाराची जबाबदारी

हर्सूल-सावंगीकडील शिवारांत काळीचा थर बहुधा पातळ, त्याखालीं मुरूम व मुरुमाखालीं कातळ. अशा जमिनींत मोसंबी-आंब्यासाठीं किंवा कुंपणाच्या खांबांसाठीं पहारीनें खड्डे घेणें किती कष्टाचें आहे, हें वाचकांस सांगावयास नको. म्हणूनच ट्रॅक्टरला जोडावयाचें गिरमिट लोकप्रिय झालें, व तें योग्यच झालें. परंतु तें जोडतांना व चालवितांना जी बेफिकिरी दिसते, तिजविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

गिरमिटास गति देणारा पी. टी. ओ. चा दांडा सामान्यतः मिनिटास ५४०, म्हणजे सेकंदास ९ फेरे घेतो. ७ सेंटिमीटर जाडीच्या दांड्याचा घेर सुमारें २२ सेंटिमीटर. त्यांत उपरण्याचें टोंक अडकल्यास एका सेकंदांत जवळजवळ २ मीटर कापड गुंडाळलें जाईल. हांक मारण्यासही अवकाश मिळणार नाहीं. असें असतां, वंगण देण्यास अडचण होते म्हणून दांड्यावरील आवरण काढून टाकणारे लोक आहेत!

जोडणीची रीत सोपी आहे. ट्रॅक्टर सपाट जागीं मागें घ्यावा. त्या वेळीं ट्रॅक्टर व यंत्र यांमध्यें कोणीं उभें राहूं नये. मग हातब्रेक ओढून, इंजिन बंद करून, किल्ली खिशांत ठेवावी. खालचे दोन्ही व वरचा दांडा जोडून प्रत्येक पिनेस खिळी घालावी. पी. टी. ओ. चा दांडा शेवटीं चढवावा व खटका बसला कीं नाहीं तें ओढून पाहावें. नंतर पी. टी. ओ. बंद ठेवूनच यंत्र सावकाश वरखालीं करावें. दांड्याच्या नळ्या सुटतां कामा नयेत, व तळास भिडतांही कामा नयेत. अडथळा येतांच तुटणाऱ्या बोल्टाच्या जागीं कठीण बोल्ट घालणें म्हणजे फ्यूजच्या जागीं जाड तार घालणें होय.

आमच्या मतें दोष एकट्या चालकाचा नाहीं. भाडें खड्ड्यागणिक ठरलें म्हणजे थांबण्यांत त्याचें नुकसान असतें. मग मुरुमांत गिरमिट अडकलें तरी तो यंत्र थांबवीत नाहीं, व तें खालीं दाबण्यास मजुराला वर उभें करतो. ही घाई आपणच विकत घेतों. केंद्र सरकारनें १९८३ सालीं धोकादायक यंत्रांविषयीं कायदा केला, तो मळणीयंत्रासाठीं. गिरमिटाची काळजी आपणांसच घेतली पाहिजे.

तरी सभासदांनीं दोन नियम पाळावे, अशी आमची सूचना आहे. आवरण नसलेलें यंत्र बांधाच्या आंत घेऊं नये, व यंत्र थांबवून अडकलेलें गिरमिट सोडविण्यास जो वेळ लागेल त्याचे पैसे चालकास द्यावे. चार खड्डे कमी झाले तर दुसऱ्या दिवशीं होतील. मजुराचा गेलेला हात मात्र कोणत्याही हंगामांत परत येत नाहीं.