पुस्तकाची परीक्षा ७९२ वर
लोणावळ्यात पावसाची झड लागली की मी जुना रेडिओ उघडतो. या आठवड्यात शेजारी रिसीव्हरच्या रचनेवरचं एक पाठ्यपुस्तकही होतं. अशा पुस्तकाचा दर्जा मी एकाच जागी तपासतो, ‘इमेज’ फ्रिक्वेन्सीच्या प्रकरणात. आपलं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झचं. मधली फ्रिक्वेन्सी ४५५ धरली, तर संचातला ऑसिलेटर १२४७ वर चालतो, आणि मग १७०२ वरचा आगंतुकही, म्हणजे ‘इमेज’, त्याच ४५५ च्या दारातून आत शिरतो. त्याला मिक्सरच्या आधीच अडवायला हवं; पुढचे फिल्टर कितीही धारदार असोत, उपयोग शून्य! पुस्तकात सूत्र आहे, पण आकडे घालून सोडवलेलं एकही उदाहरण नाही. मावळातल्या एखाद्या पोरानं त्या आगंतुकाला अडवणारी कॉइल गुंडाळायला घेतली, तर वेढे किती घालायचे हेही न सांगणारं पुस्तक वाईटच, मग छपाई कितीही देखणी असो.